हतनूरवर बदकं टिपायची तर लपण की गाडी?

शिकारीवर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली, पण वारा, ऊन आणि दबा यांची जुन्या शिकाऱ्यांची समज कॅमेरेवाल्यालाही तितकीच लागते. प्रश्न एवढाच, दबा धरायचा कशात: गाडीत की लपणात, म्हणजे कापडाच्या छोट्या आडोशात?

गाडीची बाजू लंगडी नाही. पाखरं बिचकतात ती माणसाच्या आकृतीला. दार उघडेपर्यंत गाडीचं त्यांना फारसं काही वाटत नाही. धुळे जिल्ह्यातल्या लामकानीकडच्या माळावर धाविक (माळावर पळणारा पक्षी) किंवा भोवत्या (शिकारी पक्षी) यांच्यामागे असाल, तर लपणाचा विचारही नको, ती एका जागी थांबत नाहीत. अर्ध्या काचेवर दोनेक किलो ज्वारी भरलेली पिशवी ठेवा, इंजिन बंद करा. वाळू भरू नका. शिवणीतून गळते आणि लेन्सच्या रिंगमध्ये जाऊन बसते.

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्यावर, मात्र गाडीची एक गोष्ट मला शेवटपर्यंत खटकली: हवेची लहर. हिवाळ्यात पहाटे बंद गाडीतली ऊबदार हवा खिडकीतून बाहेरच्या गारव्यात मिसळते, तीही नेमकी लेन्सच्या तोंडाशी. ६०० मिमीच्या लेन्सवर फोकस डोळ्यावर बसलेला असूनही चक्रवाक बदकाची पिसं पुसट येतात. शटरचा वेग १/२००० सेकंद केला तरी फरक नाही, कारण दोष हात हलण्याचा नाही. सगळ्या काचा उतरवून आतबाहेरची हवा सारखी होऊ दिली तर सुटका होते, पण तोवर कोवळं ऊन सरतं. पुढे काळी जमीन तापली की तीच लहर सगळीकडे उठते; मग लपणातही हात टेकावे लागतात.

लपणात बाहेरचीच हवा आत असते. शिवाय लेन्स पाण्यापासून वीतभर उंचीवर येते, त्यामुळे बदकामागे चिखल न दिसता दूरचा काठ दिसतो. लपण आदल्या संध्याकाळी उभारा, गाळपेरीची (पाणी ओसरल्यावर पेरायची) जमीन असेल तर शेतकऱ्याला विचारून. पूर्वेच्या काठावर बसलात की सकाळचं ऊन पाठीशी येतं. कापड सैल राहिलं तर वाऱ्याने फडफडतं आणि थवा सरकतो. चारी बाजूंनी ताणून बांधा, वरून पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडं) लावा. ट्रायपॉडच्या पायांखाली डब्यांची झाकणं ठेवा, नाहीतर ओल्या गाळात ते हळूहळू रुततात आणि फ्रेम तिरपी होते. चिंकाऱ्यासाठी वारा तोंडावर हवा, बदकांसाठी पाठीवर; ती वाऱ्याला तोंड देऊन उतरतात, म्हणजे तुमच्याकडे चेहरा करून.

उजाडायच्या आत दोघांनी जावं आणि एकाने परतावं. जाणारा दिसला की पाखरं बहुधा लवकर निवांत होतात. निघतानाही तोच घ्यायला आला तर बरं. घरट्याजवळ लपण लावू नका. गुडघे दुखत असतील तर गाडीच बरी, फक्त पोहोचल्याबरोबर चारही काचा खाली घ्या.