मॉरोविंड : ड्वेमरांच्या शोधासाठी खेळावा असा गेम

बेथेस्डा या कंपनीचा ‘मॉरोविंड’ हा 2002 सालचा गेम मी यंदाच्या पावसाळ्यात साताऱ्यातल्या घरी जुन्या लॅपटॉपवर खेळलो. मुख्य कथा बाजूला ठेवून मी ड्वेमर नावाच्या नाहीशा झालेल्या वंशाच्या मागे लागलो आणि हे परीक्षणही त्याच शोधाविषयी आहे.

सुरुवातीलाच एक कोडे-पेटी आणण्यासाठी आपल्याला अर्कनथँड या ड्वेमर अवशेषात पाठवले जाते. नळावरचा दांडा फिरवला की दगडी दार सरकते आणि आत पितळी यंत्रे कोणी धनी उरला नसतानाही पहारा देत असतात. आमच्या लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीवर उभे राहिल्यावर मोटा आणि बैल डोळ्यांपुढे येतात, आणि ती कोणी बांधली हे तिथला शिलालेख सांगतो. ड्वेमरांचे लेखन मात्र समोर असूनही वाचता येत नाही, आणि मला या गेममध्ये गुंतवले ते याच अडचणीने.

एवढे कळते की पहिल्या युगाच्या 700 व्या वर्षी, रेड माउंटनच्या लढाईच्या वेळी, हा सबंध वंश एकाएकी नाहीसा झाला. त्यांचा प्रमुख विद्वान कॅग्रेनॅक याने लॉर्खन देवाच्या हृदयातील शक्ती वापरण्यासाठी तीन साधने घडवली होती. पुढे काय झाले याच्या साक्षी मात्र जुळत नाहीत. गेममध्ये जिवंत देव मानल्या जाणाऱ्या व्हिवेकच्या वृत्तांतानुसार कॅग्रेनॅकने ती साधने हृदयावर चालवताच सगळे ड्वेमर दिसेनासे झाले. दुसऱ्या वृत्तांतात अझुरा देवीच्या मदतीने ड्वेमरांविरुद्ध लढणाऱ्या नेरेवार या सेनानीने हृदयाची शक्ती त्यांच्यापासून तोडली आणि रणांगणावर त्यांची धूळ झाली. व्हिवेकवर नेरेवारच्याच खुनाचा संशय असल्यामुळे त्याची साक्ष किती धरायची, हे खेळणाऱ्यालाच ठरवावे लागते. लेखकांनी निवाडा दिलेला नाही, आणि माझ्या मते हाच या गेमचा सर्वांत मोठा गुण आहे.

हा शोध कामगिरी म्हणून सोपवणारा ट्रेबोनियस हा मेजेस गिल्ड या जादूगारांच्या संघाचा प्रमुख कसलाही धागादोरा देत नाही. ग्रंथ आपणच शोधायचे आणि ते उलगडून घेण्यासाठी ग्निसिस गावच्या बालादास या जादूगाराकडे किंवा याग्रम बगार्नकडे जायचे. दिवाथ फिर या जादूगाराच्या मनोऱ्याखालच्या तळघरात कॉर्प्रस रोगाने सुजलेला, यांत्रिक पायांवर बसलेला हा याग्रम म्हणजे गेममध्ये भेटणारा एकमेव जिवंत ड्वेमर होय. अनर्थाच्या वेळी तो दुसऱ्या लोकात होता. परतल्यावर ओस पडलेल्या वसाहतींतून तो आपल्या माणसांना शोधत हिंडला. कॅग्रेनॅकने सगळ्यांना अमर करून दुसऱ्या लोकात नेले असेल किंवा चूक होऊन वंशच संपवला असेल, असे दोन्ही तर्क तो मांडतो, पण छातीठोकपणे काहीच सांगत नाही. त्याच्याशी बोलणे झाल्यावर मी बराच वेळ गेम पुढे नेला नाही.

दोष आहेतच. सुरुवातीला तलवार शत्रूला लागलेली दिसते आणि तरीही वार फुकट जातो, कारण निकाल आकड्यांवर लागतो. संवाद बहुतांशी वाचायचे असून ते सगळे इंग्रजीत आहेत. नकाशावर बाण दिसत नसल्याने पत्ते रोजनिशीतून शोधावे लागतात, पण या विषयाला ते शोभते असे मला वाटते. ट्रेबोनियसच्या कामगिरीचा शेवट मात्र एवढ्या खटपटीनंतर दोन-चार ओळींत उरकला आहे, आणि तो मला खरोखर खटकला.

जुन्या संगणकावर गेम सहज चालतो. ‘ओपनएमडब्ल्यू’ या मोफत इंजिनावरही तो चालवता येतो, मात्र त्यासाठी मूळ गेम विकत घेतलेला असावा लागतो. 2011 च्या ‘स्कायरिम’मध्ये आर्निएल गेन हा अभ्यासक कॅग्रेनॅकच्याच एका साधनाने प्रयोग करता करता अदृश्य होतो, तो प्रसंग ‘मॉरोविंड’ आधी खेळलेल्याला अधिक कळेल. याग्रमकडे जाण्यापूर्वी दोन्ही वृत्तांत जरूर वाचावेत.