जिप्सीची ऑइल गळती : ८ महिन्यांनंतरचा अनुभव

माझी मारुती जिप्सी किंग जुनी, कार्ब्युरेटरवाली, १३०० सीसी. पाटोद्याच्या पुढं बालाघाटाच्या उतारावर शेत आहे, पावसाळ्यात तिथं दुसरी गाडी चढत नाही. घेतल्यापासून बेल हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरचं कवच) ऑइल टपकायचं. मिस्त्रीनं खालून बघितलं आणि क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील गेलंय म्हणाला. गिअरबॉक्स उतरवला, सील बदललं. चौथ्या दिवशी फरशीवर परत तोच डाग. मजुरीचे पैसे गेले, त्याहून जास्त जिवाला लागलं.

मग मीच बसलो. आधी थेंब बोटावर चोळून हुंगला. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो नव्हता. म्हणजे इंजिन ऑइलच. इंजिनावर काळ्या मातीचा ऑइलात मळलेला थर बसला होता. गाडी थंड असताना डिझेल आणि ब्रशनं तो धुतला, पूर्ण वाळू दिला, जोडांवर टाल्कम पावडर मारली आणि २० मिनिटं इंजिन चालवलं. या वेळी वरून बघत खाली आलो. हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागच्या टोकाला, प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर बसतो तिथं, पावडरीत ओली रेघ उमटली होती आणि ती थेट बेल हाउसिंगवर उतरत होती. खालून बघणाऱ्याला ते क्रँक सीलच वाटणार!

डिस्ट्रिब्युटर काढण्याआधी त्यातल्या फिरत्या रोटरची दिशा आणि बॉडीची जागा, दोन्हींवर खूण करा, नाहीतर ठिणगीचं टायमिंग चुकतं. आतली ओ-रिंग (रबरी कडं) एका बाजूनं चपटी झालेली, बांगडीसारखी कडक. वाकवली तर तुटलीच. नवी रिंग चहा-नाष्ट्याच्या पैशात मिळाली.

सोबत इंजिनातला दाब मोकळा करणारा ब्रीदरचा पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह साफ केला. तो चोंदला की आतला दाब सीलमधूनच वाट काढतो, नवं सीलसुद्धा टिकत नाही. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या वरच्या झाकणाचं) पॅकिंगही बदललं. त्याचे बोल्ट हलक्या हातानं आवळा, आणि सिलिकॉन थापू नका. त्याचे तुकडे आत पडून चेंबरमधल्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) जाळीत अडकतात.

तेव्हापासून एक अख्खा पावसाळा गेला, चिखलात लो गिअरमध्ये भरपूर चालली. पूर्वी डिक्कीत ऑइलचा डबा ठेवावा लागायचा, आता दोन सर्व्हिसिंगच्या मधे वरून घालावं लागत नाही. बेल हाउसिंग कोरडं आहे. चेंबरच्या पुढच्या कोपऱ्यात तेवढा ओलावा दिसतो, थेंब पडत नाही. पुढच्या वेळी ऑइल बदलताना चेंबरचं पॅकिंग बदलणार आहे.