रॉयल अक्वा-मास्टर: जुना डबल-होज रेग्युलेटर दुरुस्त करून काही महिने वापरल्यावर

निकाल आधीच सांगून टाकतो. जवळपास साठ वर्षांपूर्वीच्या घडणीचा हा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा डायव्हरला श्वासापुरती देणारं यंत्र, आजही पाण्याखाली व्यवस्थित श्वास देतो, आणि एक-दोन बाबतींत नव्यांपेक्षा सरस ठरतो. पण मी तो निवडला त्याचं कारण वेगळं आहे. त्याचा जवळजवळ प्रत्येक रबरी भाग आज नव्याने बनवला जातो. जुन्या डायव्हिंग सामानाच्या बाजारात देखणा माल भरपूर आहे. ज्याची सीट (हवेची वाट बंद करणारा लहान तुकडा), डायफ्राम (दाबाने हलणारा लवचिक पडदा) आणि झडपा मिळतात असा माल मात्र मोजकाच.

ज्यांनी हा प्रकार फक्त जुन्या फोटोंत पाहिलाय त्यांच्यासाठी थोडक्यात. 1943 मध्ये जाक-ईव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी जो अक्वा-लंग तयार केला, त्याच घराण्यातलं हे यू.एस. डायव्हर्स कंपनीचं 1960च्या दशकातलं मॉडेल. पाठीवर सिलिंडरच्या तोंडाशी एक गोल डबा आणि त्यातून दोन्ही खांद्यांवरून पुढे येणाऱ्या दोन जाड, वळ्यावळ्यांच्या नळ्या. उजवीकडून हवा येते, डावीकडून उच्छ्वास परत डब्याकडे जातो. उच्छ्वास तोंडापाशीच का सोडत नाहीत, असं सगळे विचारतात. बाहेर जाणारी झडप आणि डायफ्राम एकाच खोलीवर असावे लागतात. झडप वर आणि डायफ्राम खाली राहिला तर दाबातल्या फरकामुळे हवा आपोआप वाहत सुटते. म्हणून ही दुसरी नळी.

आधीच्या डीए अक्वा-मास्टरमध्ये आणि रॉयलमध्ये खरा फरक पहिल्या टप्प्याचा, म्हणजे सिलिंडरमधला मोठा दाब आधी एका मधल्या दाबावर उतरवणाऱ्या भागाचा. डीएचा पहिला टप्पा 'बॅलन्स्ड' नाही. सिलिंडरमधला दाब उतरत गेला की त्याचा मधला दाब हळूहळू चढतो आणि डाइव्हच्या सुरुवातीचा श्वास शेवटी तसा राहत नाही. रॉयलमध्ये सिलिंडर भरलेला असो वा संपत आलेला, श्वास सारखाच लागतो. संग्रहासाठी डीए घ्या, स्वस्तही पडतो. रोज वापरायचा असेल तर रॉयल.

आता खरेदी. "शेवटचा वापरला तेव्हा चालत होता" या वाक्याला शून्य किंमत द्या. शेवटचा म्हणजे कधी, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्याऐवजी सिलिंडरला जोडतात त्या तोंडातल्या बारीक फिल्टरचा जवळून काढलेला फोटो मागा. फिल्टर हिरवट असेल तर आत खारं पाणी गेलंय. तांबूस-तपकिरी असेल तर कधीतरी गंजलेल्या लोखंडी सिलिंडरवर वापरलाय. राखाडी, स्वच्छ असेल तर पुढे बोला. दुसरा फोटो क्रोमचा, तोही पॉलिश करण्याआधीचा. बफिंगच्या चाकावर धरून चकचकीत केलेल्या डब्याचं अक्षरशः पितळ उघडं पडलेलं असतं, आणि कडांवरची अक्षरं गोलसर होऊन पुसट झालेली असतात. ओरखडे असलेला पण मूळ मुलामा शाबूत असलेला डबा मी कधीही पसंत करेन. माझ्या डब्यावर आधीच्या मालकाने कोरलेली आद्याक्षरं आहेत. ती तशीच ठेवली आहेत.

पितळाचा रंग गुलाबीकडे झुकलेला दिसला तर तिथून निघा. मिश्रधातूतलं जस्त निघून गेलेलं असतं, भाग ठिसूळ होतो आणि त्यावर इलाज नाही.

दुरुस्तीत सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे सफाई. सगळं सुटं करायचं, सगळं रबर काढायचं, मग पितळेचे भाग पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये, शक्यतो अल्ट्रासॉनिक यंत्रात, थोडा थोडा वेळ. रात्रभर भिजत ठेवण्याचा सल्ला बरेच जण देतात. तो ऐकू नका, सैल झालेला मुलामा पापुद्र्यांसारखा निघतो. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याचं पाणी, मग भरपूर साधं पाणी, मग पूर्ण कोरडं. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्या आम्लात जाऊ देऊ नका.

त्यानंतर भिंग घेऊन बसायचं. पहिल्या टप्प्यात सीट जिच्यावर टेकते ती बारीक गोल कडा सगळ्या यंत्राचा जीव आहे. तिथे केसाएवढी चीर असली तरी हवा झिरपते आणि मधला दाब स्थिर राहत नाही. सीट बदलता येते, कडा खराब असेल तर अख्खा भाग शोधावा लागतो. मग नवी सीट, नव्या ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या रबरी कड्या), नवा डायफ्राम, माउथपीसमधल्या दोन एकमार्गी झडपा आणि बदकाच्या चोचीसारखी बाहेर जाणारी झडप. यातले बरेचसे भाग आता सिलिकॉनचे मिळतात. सिलिकॉनच्या भागाला सिलिकॉन ग्रीस लावायचं नाही, तो फुगतो. ग्रीस फक्त ओ-रिंगांना, तेही बोट फिरवल्यावर जाणवेल न जाणवेल इतकंच.

डबा बंद करण्याआधी मधला दाब गेजवर पाहायचा. रॉयलला 9 बारच्या थोडा वर ठेवला की तो खूश असतो. सुई येऊन थांबली पाहिजे. हळूहळू वर सरकत राहिली तर सीट किंवा ती कडा, दोघांपैकी एक गुन्हेगार. नवी सीट पहिल्या काही डाइव्हमध्ये थोडी दबते आणि दाब किंचित बदलतो, तेव्हा एकदा परत जुळवावं लागतं. त्यानंतर माझा आजवर हललेला नाही, आणि या एका गोष्टीवर माझा या यंत्रावरचा विश्वास उभा आहे.

पाण्यात कसा आहे? पहिल्या श्वासाला नव्या रेग्युलेटरची सवय असलेला माणूस दचकतो. पोटावर पोहताना डबा पाठीवर, म्हणजे फुफ्फुसांच्या वर असतो, आणि पाण्यात दर 10 सेंटीमीटरला साधारण 10 मिलीबारचा फरक पडतो. तेवढं जास्त ओढावं लागतं. उताणं व्हा, डबा खाली जातो आणि हवा न मागता तोंडात येते. कुशीवर या दोन्हींच्या मध्ये. शरीराची प्रत्येक हालचाल श्वासात कळते. काहींना हे आवडत नाही. मला पहिल्या काही दिवसांनंतर यातच मजा वाटू लागली. श्वास एकदा सुरू झाला की आतलं नोझल हवा थेट नळीत सोडतं आणि तिच्या झोताने डायफ्राम आत ओढला जातो, त्यामुळे जोर लागतो तो फक्त सुरुवातीला.

बराचसा त्रास डबा कुठे बसतो यावर असतो. हल्ली सिलिंडर उंच बांधायची पद्धत आहे. तसा बांधला तर डबा मानेशी येतो आणि श्वास जड जातो. सिलिंडर खाली सरकवा, डबा खांद्यांच्या पात्यांमध्ये आणि पाठीला चिकटून आला पाहिजे. रेग्युलेटर वाईट आहे म्हणून विकून टाकणाऱ्या निम्म्या लोकांनी एवढं केलं असतं तर विकला नसता, असा माझा ठाम समज आहे.

आणि शांतता. बुडबुडे डोक्याच्या मागे सुटतात. तोंडासमोर काही फुटत नाही, कानाजवळ गडगडाट नाही, मास्कसमोरचं दृश्य मोकळं. मासे जवळ येऊ देतात. पाण्याखाली फोटो काढणारे अजून डबल-होज शोधतात ते यासाठीच.

आता तक्रारी. नळ्यांत हवा असल्यामुळे त्या वर तरंगतात आणि माउथपीस ओढत राहतात, जबडा दुखतो. मानेमागून पट्टा लावला की बराच फरक पडतो. माउथपीस तोंडातून सुटला तर तो डोक्यावर जाऊन फसफसत बसतो, त्यामुळे हात खाली नाही, वर न्यायचा. ही सवय तलावात उथळ पाण्यात लावून घ्या, समुद्रात नको. नळीत पाणी शिरलं तर डावा खांदा खाली करून फुंकायचं, झडपा चांगल्या असतील तर नुसतं फुंकूनही भागतं. डाइव्हनंतर मात्र नव्या रेग्युलेटरसारखा नळाखाली धरून पिशवीत टाकता येत नाही. नळ्या मोकळ्या टांगून आतून वाळवाव्या लागतात, नाहीतर बुरशी. विकत घेतलेल्या जुन्या नळ्यांतून हौसेने एकही श्वास घेऊ नका, त्या थेट कचऱ्यात.

सर्वांत मोठी उणीव सुरक्षेची. जोडीदाराला द्यायला दुसरं माउथपीस नाही, तरंगण्यासाठी घालायचं जॅकेट फुगवायला नळी जोडायची जागा नाही. त्या काळी दोघांनी एकाच माउथपीसवर आळीपाळीने श्वास घ्यायचा, असा शिरस्ता होता. आजच्या सवयीच्या डायव्हरने तो धरू नये. अशा जादा नळ्या जोडायला लो-प्रेशरची तोंडं देणारा, फिनिक्स नावाने विकला गेलेला बदली भाग पहिल्या टप्प्यात बसवता येतो. मी तो बसवला. मूळपणा गेला म्हणणारे म्हणोत.

सिलिंडरबाबत मात्र हौस बाजूला ठेवा. लोखंडी 72 (72 घनफुटांचा सिलिंडर) सोबत असला की जोडी शोभते, आणि हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, पास झालेला जुना लोखंडी सिलिंडर चांगला चालतो, फक्त आत प्लास्टिकसारखा लेप असलेला घेऊ नका, त्याखाली गंज लपतो. जुना ॲल्युमिनियमचा असेल तर आधी मिश्रधातू पाहा. 6351 असेल तर मानेशी चिरा पडण्याचा इतिहास आहे, कितीही स्वस्त मिळो. जे-व्हॉल्व्ह, म्हणजे दांडी ओढून राखीव हवा मोकळी करणारी जुनी तोटी, दिसायला झकास आहे. पण दांडी कशात अडकून आधीच खाली आलेली असली तर राखीव हवा नकळत संपते. माझ्या सिलिंडरवर ती तोटी आहे आणि सोबत दाबमापकही आहे. भरवसा मी दाबमापकावर ठेवतो.

या नादात आजूबाजूचं सामानही समोर येतं. तांब्या-पितळेची हेल्मेटं बहुतांश सजावटीसाठी बनवलेल्या नकला असतात, टोप आणि खांद्यावरचा भाग यांचे क्रमांक जुळतात का ते आधी पाहा. जुनी घड्याळं आणि खोलीमापकं चमकेनाशी झाली म्हणजे निरुपद्रवी झाली असं नाही. रेडियमचा रंग प्रकाश द्यायचा थांबतो, पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षांचं आहे. ती उघडून काटे खरवडणारे महाभाग मी पाहिले आहेत. आणि वर येताना किती थांबायचं ते दाखवणारा 1959 सालचा तो एसओएस डीकॉम्प्रेशन मीटर कपाटात छान दिसतो, तिथेच ठेवा.

कुणी घ्यावा? ज्याला स्क्रू, गेज आणि भिंग घेऊन बसायला आवडतं त्याने. वर्षातून दोन डाइव्ह करणाऱ्याने नाही, नव्याने शिकणाऱ्याने तर मुळीच नाही. साध्या हवेवरच वापरा, नायट्रॉक्ससाठी, म्हणजे ऑक्सिजन वाढवलेल्या हवेसाठी नाही.

दुरुस्त करताना निघालेले मूळ भाग, लेबल, पहिल्या टप्प्यातला मूळ तुकडा, नळ्यांचे पट्टे, मी एका डब्यात नावं लिहून ठेवले आहेत, आणि गेजवरच्या दाबाच्या नोंदीही. संग्राहकाला मूळ भाग लागतात, डायव्हरला नवे. उद्या विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक यांपैकी कोणीही असलं तरी चालेल.