‘सबमरीन’ की १९१६ चा नॉटिलसवाला? समुद्राखालचा एकच मूकपट बघायचा असेल तर

दोन्ही पिक्चर पाठोपाठ बघून झालेत म्हणून लिहितेय, कारण समुद्राखालच्या थरारक मूकपटांचं कौतुक वाचायला घेतलं की ही दोन नावं येतातच, आणि दोन्हीबद्दल इतकं भरभरून लिहिलेलं असतं की आधी कुठला लावावा तेच कळत नाही. एक १९१६ चा, युनिव्हर्सलचा ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’, म्हणजे कॅप्टन नेमो आणि त्याच्या ‘नॉटिलस’ पाणबुडीची गोष्ट, दिग्दर्शक स्टुअर्ट पेटन. दुसरा १९२८ चा, कोलंबियाचा ‘सबमरीन’, दिग्दर्शक फ्रँक काप्रा. कौतुक दोन्हीचं खरंय, पण ते अगदी वेगवेगळ्या गोष्टींचं आहे, आणि ते आधी माहीत नसेल तर हिरमोड होऊ शकतो.

आधी जुना घेते. यातलं पाणी खरं आहे. विल्यमसन बंधूंनी बहामाजमध्ये हे शूटिंग केलं, त्यांच्या वडिलांनी एक लोखंडी नळी बनवली होती, भात्यासारखी घडी होणारी, ती बार्जवरून पाण्यात सोडायची आणि तिच्या खालच्या टोकाला या भावांनी जाड काचेची खिडकी असलेली एक खोली जोडली, कॅमेरावाला त्या खोलीत कोरडा बसून समोरचा समुद्र टिपतो. १९१६ मध्ये! प्रवाळ, मासे, शार्क, तळावरून चालणारे पाणबुडे, हे सगळं बघताना मी अक्षरशः स्क्रीनजवळ सरकले. मोत्यांसाठी बुडी मारणाऱ्या माणसाला ऑक्टोपस धरतो तो सीन खूप गाजलेला, ऑक्टोपस बनावट आहे आणि ते कळतंही, पण आजूबाजूचं पाणी खोटं नसल्यामुळे छातीत धडधडतंच. २०१६ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीने हा सिनेमा जतनासाठी निवडला, आणि माझ्या मते या पाण्याखालच्या शॉट्सवरच तो मान त्याने कमावलाय.

गोष्ट मात्र विस्कटलेली आहे. ज्यूल व्हर्नच्या दोन कादंबऱ्या एकत्र केल्यात, त्यामुळे एकीकडे नॉटिलस, दुसरीकडे बेटावर अडकलेले बलूनवाले सैनिक, तिसरीकडे जंगलात एकटी वाढलेली मुलगी, आणि बराच वेळ यांचा एकमेकांशी काय संबंध तेच कळत नाही. भा. रा. भागवतांच्या रूपांतरांतून व्हर्न वाचलेल्यांना एक गोष्ट भिडेल, कॅप्टन नेमो इथे हिंदुस्थानी राजपुत्रच आहे. त्याच्या पूर्वायुष्याचा फ्लॅशबॅक मी फार आशेने बघायला घेतला, पण नेमो झालेला ॲलन होलुबार गोरा नट आहे, चेहरा काळवंडून बसवलेला, आणि आपल्याला ते खटकतं. तरी शेवटी समुद्रतळावर जो दफनविधी होतो तो मला विसरता आलेला नाही.

आता ‘सबमरीन’. हा थरारपट आहे, शब्दशः. जॅक हा नौदलातला डायव्हर, बॉब त्याचा जिवलग मित्र, दोघांमध्ये एक बाई येते, मैत्री तुटते, आणि मग बॉबची पाणबुडी दुसऱ्या जहाजाची धडक बसून तळाला जाते. इतक्या खोल उतरू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे जॅक. आत माणसं एकेक करून श्वासासाठी तडफडतायत, वर जहाजांची गर्दी झालीय आणि कुणालाच काही करता येत नाहीये. समीक्षक ज्या भागाची तारीफ करतात तो हाच, आणि ती तारीफ मला जराही जास्त वाटत नाही.

का, ते कळायला एक संदर्भ हवा. १७ डिसेंबर १९२७ ला मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ एस-४ ही अमेरिकन पाणबुडी कोस्ट गार्डच्या ‘पॉल्डिंग’ जहाजाशी टक्कर होऊन बुडाली, ४० जण गेले. त्यातले सहा जण पुढच्या टॉर्पेडो रूममध्ये जिवंत होते, आतून ठोके देऊन वरच्यांशी बोलत होते, आणि समुद्र इतका खवळला की डायव्हरना उतरवणंच थांबवावं लागलं. ते सहाही वाचले नाहीत. अशा माणसांना वर आणायला लागणारी बचाव-घंटा, म्हणजे बुडालेल्या पाणबुडीपर्यंत खाली सोडायची बंद कोठडी, तेव्हा नव्हतीच, ती नंतर बनली आणि १९३९ मध्ये बुडालेल्या ‘स्क्वालस’ पाणबुडीतून ३३ जणांना तिनेच वर आणलं. ‘सबमरीन’ आला तो एस-४ नंतर वर्षभराच्या आत. थेटरात बसलेल्या प्रत्येकाला ते ठोके आठवत असणार, आणि पडद्यावर डायव्हर हवेची नळी घेऊन खाली निघालाय. मला हे वाचून माहीत होतं तरी घसा दाटून आला.

मेकिंगमध्ये मात्र हा पहिल्याच्या बरोब्बर उलट, पाणबुडीच्या शॉट्ससाठी मिनिएचर, म्हणजे छोटी प्रतिकृती, वापरलंय, आणि ते लक्षात येतं. पण काप्राने जोर चेहऱ्यांवर दिलाय. तो शूटिंग सुरू झाल्यावर आधीचा दिग्दर्शक आर्विन विलॅटच्या जागी आला, आणि जॅक झालेला हॉल्ट आणि बॉब झालेला ग्रेव्ह्ज या दोन्ही हिरोंचा मेकअप त्याने काढायला लावला, असं त्याने आत्मचरित्रात सांगितलंय. घामेजलेली, खरी वाटणारी माणसं दिसतात ती त्यामुळेच. खटकलं ते एवढंच की पहिला अर्धा भाग प्रेमत्रिकोणात जातो आणि सगळा दोष त्या बाईच्या माथी मारलाय, हे मला अजिबात आवडलं नाही.

आवाजाचाही फरक आहे. ‘सबमरीन’ला त्या काळातच संगीत आणि साउंड इफेक्ट जोडलेले होते, संवाद नाहीत. १९१६ वाला पूर्ण मूक, नेटवर फुकट मिळतो पण प्रिंटगणिक संगीत आणि क्लॅरिटी बदलते, म्हणून पाच मिनिटं बघा आणि पाण्याखालचं गढूळ दिसत असेल तर सरळ दुसरी प्रिंट शोधा, कारण तेच दिसलं नाही तर त्या सिनेमात बघायला फार काही उरत नाही.

मुलांसोबत बसणार असाल तर १९१६ वाला लावा, बेटावरचे भाग पुढे ढकलले तरी चालतं. एकटे, रात्री, एकच पिक्चर बघणार असाल तर माझं मत ‘सबमरीन’ला, पहिली पाऊण-एक तासाची कौटुंबिक भानगड सोसायची तयारी ठेवून. आणि पाणबुडी बुडाल्यापासून पुढे पॉज करू नका, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, आतली हवा हळूहळू संपत जाते ती लय मध्येच तुटली की परत धरता येत नाही.