पालिकेची सीबीएसई शाळा: दुसऱ्या वर्षातला अनुभव

लेक मुंबई पालिकेच्या सीबीएसई शाळेत जायला लागली आणि ओळखीच्यांनी भंडावून सोडलं. फुकट म्हणजे नक्की किती फुकट, शिकवतात का, पोरं कशी असतात? आता दुसरं वर्ष चालू आहे, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आम्ही पूर्व उपनगरात राहतो. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: 'मुंबई पब्लिक स्कूल' या नावाखाली पालिकेने २०२०-२१ मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरला सीबीएसई आणि माहीमच्या वूलन मिल शाळेत आयसीएसई सुरू केली. पुढच्याच वर्षी आणखी दहा सीबीएसई शाळा निघाल्या, त्यातल्या बऱ्याचशा उपनगरांत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत काढतात. आमचं नाव सोडतीत लागलं. त्यात आमचं कर्तृत्व काही नाही.

फी नाही, पुस्तकं, गणवेश, दप्तर, वह्या, बूट मिळतात. पालिकेच्या शाळांत सत्तावीस वस्तू देतात, त्या इथेही मिळाल्या. पहिलीपासून खिचडी. आमचा खर्च काय तो रिक्षाचा आणि प्रोजेक्टच्या चार्टपेपरचा. शाळेची बस नाही, त्यामुळे नोकरी करणाऱ्या आईबापांनी ने-आण कोण करणार याचं गणित आधी सोडवावं.

शिकवणं माझ्या अपेक्षेपेक्षा चांगलं निघालं. पहिल्या पालकसभेत मी बाईंना म्हटलं, "आमच्या घरी इंग्रजी कुणी बोलत नाही हो." बाई म्हणाल्या, "नकाच बोलू ताई. मोडकंतोडकं कानावर पडण्यापेक्षा मराठीत भरपूर गप्पा मारा. फक्त रोज एक पान तिला मोठ्याने वाचायला लावा." तेवढंच करतो. आता ती भाजीच्या पिशवीवरची अक्षरंही वाचते आणि अडली की पिशवी घेऊन माझ्यामागे फिरते. क्लास लावलेला नाही. वर्गात रिक्षावाल्याची, पोलिसाची, दुकानदाराची, झालंच तर पालिकेतल्याच कर्मचाऱ्याची मुलं एका बाकावर बसतात. हे मला मनापासून आवडलं.

अडचण आहे ती वाढीची. वरचा वर्ग दरवर्षी पुढे सरकतो, खालून नवी तुकडी येते, इमारत मात्र तेवढीच. वाचनाची खोली होती तिथे यंदा वर्ग भरतो आणि पुस्तकांची कपाटं जिन्याच्या वळणावर आली आहेत. पोरं तिथेच पायऱ्यांवर बसून चित्रं बघतात, मागून येणारा ओरडतो, "बाजूला व्हा रे!" सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते, त्या वेळी फाटकावर पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात तर छत्र्यांचीच मारामारी.

आणि एक गोष्ट मला सारखी खटकते. त्याच इमारतीत तळमजल्यावर पालिकेची मराठी शाळा आहे. माझे दीर तिथेच शिकले, तेव्हा एका इयत्तेच्या चार तुकड्या होत्या म्हणे. आता एकच, आणि तीही अर्धी रिकामी. वर बाकावर तिघं, खाली एकेका बाकावर एकेक पोर. खालच्या गुरुजींना गेल्या उन्हाळ्यात घरोघरी फिरून 'पोरं पाठवा हो' म्हणताना मी पाहिलंय. खालचे शिक्षक वाईट नाहीत, खिचडी तीच, दप्तर तेच. फरक काय तो पाटीवरच्या 'सीबीएसई' या अक्षरांचा. पालकांना दोष कसा देणार? मी स्वतः त्याच रांगेत उभी होते.

अर्ज भरायचा असेल तर जूनची वाट बघत बसू नका, प्रवेशाची जाहिरात बरीच आधी येते. जन्मदाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळतंय का तेवढं आत्ताच बघून ठेवा. शाळेत एकदा मधल्या सुट्टीच्या वेळी चक्कर मारा, पाटीपेक्षा जास्त कळेल.

धाकट्याचा अर्ज आम्ही तिथेच भरणार आहोत. सोडतीत नाव नाही आलं तर खाजगीत घालायचा की तळमजल्यावरच्या मराठी वर्गात, यावर घरात रोज वाद चालू आहे. सासूबाई मराठीच्या बाजूने आहेत, नवरा नाही.