डोळे खाजतात ते खाजतात, वर चहाही कडू: बेपोटास्टिन की ओलोपॅटाडिन?

पाऊस सरत आला आणि रस्त्याकडेचं काँग्रेस गवत पांढरं झालं की माझे डोळे सुरू होतात. त्यात पुण्यात टू-व्हीलर, त्यात बारा महिने उकरलेले रस्ते. गेली चार वर्षं डॉक्टरांनी लिहून दिलेले ॲलर्जीचे ड्रॉप घालतोय, बेपोटास्टिन आणि ओलोपॅटाडिन हे दोन्ही वापरून झालेत, आणि दर सीझनला कोणी ना कोणी विचारतंच की यातला कुठला बरा, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही, फक्त डोळे चोळण्यातला सीनियर आहे.

काम तसं दोघांचं एकच. ॲलर्जीत खाज आणणारं शरीरातलं रसायन म्हणजे हिस्टामिन, त्याला अडवायचं आणि ज्या मास्ट पेशींतून ते बाहेर पडतं त्यांनाही जरा आवरून धरायचं. त्यामुळे खाज सुटल्यावर घातले तरी आराम पडतो आणि सीझनभर नेमाने घातले तर ती सुटण्याचं प्रमाणही कमी होतं.

मला आधी बेपोटास्टिन मिळालं होतं, १.५ टक्केवालं, सकाळ-संध्याकाळ एकेक थेंब. आणि खरं सांगायचं तर खाजेवर ते माझ्या डोळ्यांना जास्त पटकन लागू पडलं. थेंब घातला, रुमाल शोधेपर्यंत खाज गेलेली. चुरचुरही जवळजवळ नाही. इतकंच बघायचं असतं तर हा विषय इथेच मिटला असता.

पण चहा. मी सकाळी उठलो की ड्रॉप घालायचो आणि लगेच चहाचा कप तोंडाला लावायचो. पहिल्या दिवशी पहिलाच घोट असा विचित्र कडवट लागला की मी आईला म्हटलं दूध नासलंय. ती म्हणाली आत्ता तापवलंय. दुसऱ्या दिवशी चहा पावडर बदलली. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याला फोन करून बिचाऱ्याला बरंच ऐकवलं, आणि संध्याकाळी ऑफिसात ड्रॉप घालून मशीनची कॉफी प्यायलो तर तीही तशीच लागली, तेव्हा कुठे ट्यूब पेटली. डोळ्यातलं पाणी आतल्या कोपऱ्यातल्या बारीक नळीतून नाकात आणि तिथून घशात उतरतं, औषधही त्याच वाटेने जातं. नंतर बाटलीसोबतचा कागद वाचला तर त्यात लिहिलेलंच होतं, साधारण चारातल्या एकाला ही चव लागते. म्हणजे तिघांना लागतही नाही. तुम्ही त्या तिघांतले असाल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

यावर उपाय आहे. थेंब घातल्यावर डोळे मिटायचे आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं हलकेच दाबून धरायचा, घशात कमी उतरतं. मी केलं, फरकही पडला. पण सकाळी साडेसातला डबा, किल्ली, हेल्मेट सगळं शोधायचं असताना आरशासमोर नाक धरून उभं राहणं रोज कोणाला जमतंय, आणि दोन डोळ्यांची चार मिनिटं होतात कारण मला दोन्ही एकदम जमत नाही.

मग डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी ओलोपॅटाडिन ०.२ टक्के दिलं, दिवसातून एकदाच. (०.१ टक्केवालंही मिळतं, ते दोनदा घालावं लागतं, मेडिकलमधून घेताना आकडा नीट बघा.) चवीची तक्रार यातही काहींना होते म्हणतात, मला नाही झाली. घातल्यावर क्षणभर चुरचुरतं. आराम पडायला बेपोटास्टिनपेक्षा पाचेक मिनिटं जास्त लागत असावीत, घड्याळ लावून बघितलेलं नाही. आणि रात्री दहानंतर त्याचा जोर ओसरल्यासारखा वाटतो, तेव्हा थंड पाण्याची पट्टी ठेवून झोपतो. पण संध्याकाळचा डोस विसरायचा प्रश्नच उरला नाही, जो मी आधी आठवड्यातून तीनदा तरी विसरायचो, त्यामुळे बेपोटास्टिनला कमी मार्क देताना माझा विसराळूपणाही त्यात धरा. ज्याला खाजेने अगदी असह्य होतं आणि चवीचं काही वाटत नाही त्याने बेपोटास्टिनबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं, मी वाईट म्हणणार नाही.

लेन्सवाल्यांनो, दोन्हीत प्रिझर्व्हेटिव्ह असतं, लेन्स काढूनच घाला आणि निदान दहा मिनिटांनी परत लावा. डोळा लालच असेल, दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल तर ही चर्चा तुमच्यासाठी नाही, सरळ दाखवून या. आणि मेडिकलवाला "हे घाला, एका दिवसात मोकळे व्हाल" म्हणून जे काढून देतो त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, बरं वाटतं खरं, पण न विचारता महिनोन्‌महिने घातलं तर डोळ्याचं प्रेशर वाढतं, मोतीबिंदूही होऊ शकतो.

बाटली फोडली की मी झाकणावर मार्करने तारीख टाकतो, महिन्याने उरलेलं फेकायचं असतं. सध्याच्या झाकणावर ३ तारीख आहे. दूधवाल्याला मात्र खरं कारण अजून सांगितलेलं नाही, तो बिचारा तेव्हापासून पिशवी ठेवताना बेल वाजवून "आजचं ताजं आहे साहेब" म्हणून जातो.