दुनळी की बोल्ट? आफ्रिकेसाठी मोठ्या बोअरची रायफल घेण्याआधी

आधी दोन आकडे शेजारी ठेवून बघा. .४१६ रिग्बी (आकडा बोअरचा, म्हणजे नळीच्या भोकाच्या व्यासाचा, इंचात) हे बोल्ट-ॲक्शनचं, म्हणजे खटक्याचा दांडा हाताने मागे-पुढे ओढून भरायच्या एकनळी रायफलीचं काडतूस: गोळी ४०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप), वेग सेकंदाला साधारण २,४०० फूट, ऊर्जा ५,१०० फूट-पाउंडांच्या आसपास. .४७० नायट्रो एक्सप्रेस हे दुनळीचं, म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्यांच्या रायफलीचं काडतूस: गोळी ५०० ग्रेनची, वेग २,१५० फूट, ऊर्जा पुन्हा तेवढीच. खांद्यात गोळी बसलेल्या केप बफेलोला, म्हणजे आफ्रिकेतल्या रानरेड्याला, या दोन्हींतला फरक कळणार नाही. तुमच्या बँक खात्याला मात्र लगेच कळेल, कारण दुनळी सहज दहापट महाग पडते आणि नळीवर लंडनचं नाव असेल तर त्याच्याही कितीतरी पुढे जाते. तरीही ज्यांनी एकदा चांगली दुनळी हातात घेतली आहे त्यांच्या डोक्यातून ती जात नाही. हा मोह कितपत खरा आणि कितपत हौसेचा, हे पैसे मोजण्याआधी तपासून घ्यावं.

कायद्याचं आधी उरकून टाकू. भारतात शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवला. शस्त्र परवान्यावर आता दोनच बंदुका ठेवता येतात, २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन चालत. त्यामुळे पुढचं सगळं आफ्रिकेत कायदेशीर सफारीला जाणाऱ्यांसाठी आहे आणि त्यात ह्यूस्टन, जोहान्सबर्ग, दार-एस-सलामकडची आपली माणसंही आली. अमेरिकेत एच-वन-बीसारख्या व्हिसावर असाल तर एरवी बंदूक बाळगता येत नाही. वैध हंटिंग लायसन्स हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. आफ्रिकेतही सगळीकडे दार उघडं नाही. केनियात १९७७ पासून शिकार बंद आहे. बोट्स्वानाने २०१४ मध्ये बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा सुरू केली. मोठ्या, धोकादायक जनावरांसाठी बऱ्याच देशांत किमान .३७५ बोअर लागतो, काही ठिकाणी ९.३ मिमी चालते. परवान्याच्या वेळी विचारून घ्या.

दुनळीत नेमकं काय विकत मिळतं?

लोक म्हणतात, दुनळी म्हणजे झटपट दोन बार. खरं तर दुनळीत दोन स्वतंत्र रायफली एका दस्त्यावर बसवलेल्या असतात. दोन नळ्या, दोन लॉक (बार उडवणारी यंत्रणा), दोन चाप. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या नळीचा. एका बाजूची पिन मोडली, काडतूस फुसकं निघालं, तरी दुसरी बाजू शाबूत असते. बोल्टमध्ये फुसक्या काडतुसाला उत्तर एकच: बोल्ट उचला, मागे ओढा, पुढे ढकला, खाली दाबा. सराव असेल तर हे दीडेक सेकंदात होतं. एरवी दीड सेकंद काहीच नाही. जखमी रेडा दहा पावलांवरच्या झुडपातून निघाला असेल तर तो तेवढ्या वेळात तुमच्यापाशी पोचलेला असतो. दुनळीवर तेव्हा फक्त बोट एका चापावरून दुसऱ्यावर सरकवायचं. खांदा हलत नाही, नजर जनावरावरून हटत नाही.

आणखी एक सोय जुन्या शिकाऱ्यांनी पुरेपूर वापरली. उजव्या नळीत फुलणारी मऊ गोळी, डावीत आरपार जाणारी सॉलिड. जनावर आडवं उभं असेल तर पहिली, पाठ करून पळालं तर दुसरी. निवड बोटावर.

लांबीचंही गणित आहे. बोल्टला मागे-पुढे सरकायला जागा लागते, दुनळीला लागत नाही. म्हणून तेवढ्याच लांबीच्या नळ्या असूनही दुनळी तीन-चार इंचांनी आखूड भरते. वजन मात्र कमी नाही: .४७० दहा-साडेदहा पाउंड, म्हणजे जवळपास पाच किलो. पण ते सगळं दोन्ही हातांच्या मधे येतं. चांगली दुनळी खांद्याला लावताना नळ्या आपोआप नजरेच्या रेषेत येतात. बंद करताना येणारा तो घट्ट, दबका आवाज ऐकला की महिन्याचा हप्ता कितीचा बसेल याचं गणित मनात सुरू होतं, हे मी स्वतःवरून सांगतो.

आता खोट. मोठी आहे.

दोन नळ्या जोडून भागत नाही. बार उडाला की गोळी अजून नळीत असतानाच उजवी नळी रायफलीला वर आणि उजवीकडे फिरवते, डावी डावीकडे. म्हणून नळ्या समांतर ठेवत नाहीत, पुढच्या टोकाला किंचित जवळ आणतात. किती जवळ, ते कागदावर काढता येत नाही. कारागीर दोन बार काढतो, टार्गेट बघतो, नळ्यांच्या तोंडाशी असलेला, त्यांना जोडणारा झाळ तापवतो, मधली पाचर केसभर सरकवतो, थंड होऊ देतो, पुन्हा दोन बार. पन्नास-साठ यार्डांवर दोन्ही नळ्यांची भोकं एकमेकांशेजारी पडेपर्यंत हे चालतं. दुनळीच्या किमतीतला मोठा हिस्सा या कामाचा.

आणि हे सगळं एका विशिष्ट काडतुसासाठी. तुम्ही हळू वेगाचं काडतूस घातलं तर गोळी नळीत जास्त वेळ राहते, रायफल जास्त फिरते आणि उजवीची गोळी उजवीकडे, डावीची डावीकडे फाकते. जास्त वेगाचं घातलं तर दोन्ही एकमेकींना ओलांडून जातात. बोल्ट रायफलला काडतूस बदललं तर दुर्बिणीचे दोन खटके फिरवून प्रश्न सुटतो. दुनळीचा नेम असा सुधारता येत नाही. तिला जे काडतूस मानवतं तेच शोधायचं, तेही पेट्यांनी साठवायचं. .४७० चं एकेक काडतूस दहा डॉलरच्या खाली मिळालं तर नशीब समजा. .३७५ चं बहुतेकदा त्याच्या निम्म्याहून कमी.

काडतुसांनी दुनळीला एकदा जवळजवळ संपवलंही होतं. पहिलं .४५० नायट्रो एक्सप्रेस रिग्बीने १८९८ मध्ये आणलं. १९०७ मध्ये ब्रिटिश सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोअरवर बंदी घातली, कारण बंडखोरांच्या हातात मार्टिनी-हेन्री रायफली होत्या आणि ही गोळी त्यांना चालली असती. बंदूकवाल्यांनी लगेच बोअर थोडा पुढे सरकवला: .४६५, .४७०, .४७५, .४७६. आज जगात सगळ्यांत जास्त चालणारी मोठी दुनळी .४७० आहे, त्यात आपल्याकडच्या या बंदीचा वाटा आहे. पुढे १९६० च्या दशकात कायनॉक या ब्रिटिश काडतूस कंपनीने ही काडतुसं बनवणं थांबवलं आणि उत्तमोत्तम दुनळ्या कपाटात गेल्या. त्याच्या थोडं आधी, १९५६ मध्ये, विंचेस्टरने .४५८ मॅग्नम आणली होती. साधी बोल्ट, दुकानात मिळणारं काडतूस, आणि दुनळीएवढी ताकद, निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात आखूड काडतुसात दारू दाबून भरावी लागे, तिचे गठ्ठे होत आणि वेग पडत असे. म्हणून लोक पुढे .४५८ लॉट या लांब काडतुसाकडे वळले. पण सफारीतल्या कामकरी माणसाच्या हातात बोल्ट आली ती तेव्हापासून.

बोल्टचा पक्ष मांडायला फार शब्द लागत नाहीत. १८९८ च्या मौझरच्या धर्तीवर बनलेली, काडतुसाला पहिल्यापासून पंजाने धरून नळीत नेणारी .३७५ हॉलंड अँड हॉलंड घ्या. काडतूस १९१२ चं, ३०० ग्रेन, सेकंदाला २,५०० फुटांच्या थोडं वर. हीच रायफल सकाळी दोनशे यार्डांवरचा कुडू (मोठं आफ्रिकी हरीण) घेते आणि दुपारी रेडा. वर दुर्बीण बसते. मॅगझिनमध्ये तीन-चार, नळीत एक. नवी विंचेस्टर मॉडेल ७० किंवा तत्सम काही अमेरिकेत दोनेक हजार डॉलरच्या घरात पडते. काडतूस जोहान्सबर्गच्या दुकानातही मिळतं, आणि विमानात सामान हरवलं तर हे महत्त्वाचं असतं.

दुनळीवर दुर्बीण बसवता येते. जर्मन कंपन्या त्यासाठी माउंट देतात, हल्ली छोटा रेड-डॉटही (नेमासाठी लाल ठिपका दाखवणारं भिंग) लावतात आणि चाळिशीनंतरच्या डोळ्यांना तो उपयोगी पडतो. पण दोनशे यार्डांसाठी ती बनलेलीच नाही. तिचा प्रांत साठ-सत्तर यार्डांच्या आतला.

धक्क्याविषयी दुकानदार कमी बोलतात. .४७० चा धक्का हरणांसाठीच्या नेहमीच्या .३०-०६ रायफलीच्या तिपटीच्या घरात जातो. .६०० नायट्रो एक्सप्रेस तर ९०० ग्रेनची गोळी फेकते, म्हणून रायफलच पंधरा-सोळा पाउंडांची करावी लागते. ती दिवसभर खांद्यावर वाहून दाखवा, मग बोलू. नवख्याच्या हातात आणखी एक घोटाळा होतो. पहिल्या बाराच्या धक्क्याने बोट मागच्या चापावर आपटतं आणि दोन्ही नळ्या एकदमच उडतात. रेंजवर हा अनुभव घेतलेला माणूस पुढचे कित्येक बार डोळे मिटून काढतो आणि मग नेमाचं काय व्हायचं ते होतं. दुनळीचा सराव टेबलावर बसून करू नका. उभं राहून, काठ्यांच्या टेकूवर, नळ्यांखाली आपला हात ठेवून करा. नळ्या कठीण वस्तूवर टेकवल्या तर गोळी भलतीकडेच जाते.

ज्यांचा दाखला हमखास दिला जातो त्यांचंही बघून घेऊ. डब्ल्यू. डी. एम. बेल या स्कॉटिश हस्तिदंत-शिकाऱ्याने हजारावर हत्ती मारले, त्यातले बहुतेक हलक्या ७ मिमी बोल्टने, नेम थेट मेंदूवर धरून. आज तो आकडा वाचून काटा येतो. पण रायफलीपुरतं बोलायचं तर बोअर किती यापेक्षा गोळी कुठे बसते हे मोठं, याचा याहून ठाम दाखला नाही. आपल्याकडचा जिम कॉर्बेट घ्या. १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल त्याला भेट मिळाली ती .२७५ रिग्बी, म्हणजे बोल्टच. १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा बिबट्या तिनेच मारला. शिवाय त्याच्याकडे जेफ्रीची .४५०/४०० दुनळी होती. माचाणावर, नेमक्या एका बारासाठी हलकी बोल्ट पुरते. झाडीत जवळून वाघाशी गाठ पडणार असेल तर दुनळी जवळ असलेली बरी.

मग घ्यायचं काय?

पहिलीच सफारी, एकच रायफल परवडते, हरणंही मारायची आणि रेडाही: डोळे झाकून .३७५ बोल्ट. उरलेल्या पैशांत काडतुसं आणा आणि उभ्याने सराव करा. तुमच्या सोबत परवानाधारक पीएच (प्रोफेशनल हंटर, म्हणजे व्यावसायिक शिकारी) असणार आहे. जखमी जनावर थांबवण्याची जबाबदारी त्याची आणि त्यासाठी तो स्वतःची मोठी रायफल घेऊनच येतो. म्हणजे ज्या एका प्रसंगात दुनळी निर्विवाद सरस ठरते, तो प्रसंग पाहुण्या शिकाऱ्याच्या वाट्याला क्वचित येतो. दुनळीच्या जाहिरातीत ही गोष्ट कुणी छापत नाही.

दुसरी-तिसरी सफारी आहे, फक्त रेडा किंवा हत्ती करायचा आहे, दाट झाडीत माग काढत पन्नास यार्डांच्या आत पोचायची हौस आहे, तर दुनळी घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. दुर्बिणीविना जवळ जावंच लागतं आणि शिकार तिथेच बदलते. वाऱ्याची दिशा, पायाखालची काटकी, ट्रॅकरने वर केलेला हात, सगळ्याला अर्थ येतो. दुनळीचं खरं आकर्षण मला यात दिसतं, नक्षीकामात नाही. हौस म्हणून नुसती कपाटात ठेवणार असाल तर तेही ठीक, पण मग शिकारीची कारणं सांगू नका.

पहिली दुनळी .४७० च असली पाहिजे असं नाही. .४५०/४०० चा धक्का बराच सौम्य आहे, ४०० ग्रेनची गोळी रेड्याला पुरते, आणि हॉर्नडी या अमेरिकी कंपनीने काडतूस पुन्हा बाजारात आणल्यापासून ती चालवणं सोपं झालंय. .५०० त्यालाच घेऊ द्या जो .४७० चे दहा बार हसत काढतो.

बाजारात सबाटी सगळ्यांत स्वस्त. तिच्यावर दोन्ही नळ्यांचं टार्गेट स्वतः काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मर्केल, क्रीगहॉफ, हाइम, व्हर्नी-कॅरन, शापुई ही मधली फळी आणि कामाची फळी हीच. हॉलंड, परडी, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांच्याकडून नवी करून घ्यायची तर रांग आणि सहा आकडी पाउंड दोन्ही तयार ठेवा.

जुनी इंग्लिश दुनळी घेणार असाल तर नक्षी नंतर बघा. आधी पुढचा लाकडी भाग काढून नळ्या बंद अवस्थेत हलवा. सांध्यात खडखड लागली किंवा नळ्या आणि मागच्या पाट्याच्या मधून उजेड दिसला तर बिजागरी झिजली आहे. दुरुस्ती होते, पण चांगल्या कारागिराकडे आणि महागात. नळ्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागावर प्रकाश तिरपा पाडून बघा. पातळ जुन्या नळ्यांतून आजच्या कठीण, एकसंध धातूच्या गोळ्या मारल्या असतील तर आतल्या आट्यांचे (गोळीला फिरकी देणाऱ्या पिळदार खाचांचे) वळ बाहेर उमटलेले दिसतात, आणि ते जात नाहीत. दुनळीची उघडझाप करताना सेफ्टी (चाप अडवणारी खिटी) दर वेळी आपोआप परत लागते का ते पाहा. रेड्यासमोर घाईत काडतुसं भरताना ही सोय जिवावर बेतू शकते, म्हणून ती काढून घ्यायची. मूळ काडतुसाचं वजन आणि दारूचं माप बहुतेक वेळा नळ्यांवर कोरलेलं असतं. ते लिहून घ्या, तसंच काडतूस आज मिळतं का ते शोधा, आणि मग दोन्ही नळ्यांतून चार-चार बार काढून बघायची परवानगी मागा. विकणारा नाही म्हणाला तर ती दुनळी तिथेच ठेवून बाहेर पडा.